डबा, टोपली आणि दुसऱ्याचं मन

“पगार घेऊन बाहुल्या खेळती म्हनं ही.”

डेअरीसमोरच्या रांगेत किटली धरून उभ्या असलेल्या एका बाईंनी हे पुढच्या बाईंना सांगितलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर, ओट्यावर बसले होते. मांडीवर दोन बाहुल्या, शेजारी एक पत्र्याचा डबा, एक बांबूची टोपली आणि डब्यात एक लाडू.

“हळू बोल, कळंल तिला,” पुढच्या बाई म्हणाल्या.

“नाय कळत. इंग्लिश मीडियमची हाय.”

मी जुन्नरची. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरी मराठीतच रागावतात, त्यामुळे सगळं कळतं. पण न कळल्यासारखा चेहरा मला छान करता येतो, आणि या नोकरीत मला त्याचा पदवीपेक्षा जास्त उपयोग झाला. शिवाय बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन वर्षं मी खरोखरच पगार घेऊन बाहुल्या खेळले.

माझं पद होतं ‘संशोधन सहायक, तत्त्वज्ञान’. आई शेजारी सांगायची, “ती सर्व्हे करते.” मग शेजारचे लोक मला घरातली माणसं मोजून सांगायचे. खरं तर तत्त्वज्ञानाला सर्व्हे लागत नाही. तत्त्वज्ञ खुर्चीत बसून विचार करतो आणि दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाचं म्हणणं खोडून काढतो, एवढंच काम असतं. आमचे सर पुण्यात अशा खुर्चीत वर्षानुवर्षं बसले होते. त्यांचा विषय ऑटिझम. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा शब्द मला कधी पटला नाही, आणि सर जुन्नरच्या स्टँडवर स्वतःशीच वाद घालत उभे असताना त्यांची एसटी समोरून निघून गेलेली पाहिली, तेव्हापासून तर मुळीच नाही.

डॉक्टर तपासतात, शिक्षक शिकवतात. तत्त्वज्ञ ऑटिझमचं काय करतात, असं मला फार लोकांनी विचारलंय. ते प्रश्न विचारतात. दुसऱ्याचं मन ‘कळतं’ म्हणजे नक्की काय होतं? ज्याला ते आपल्या पद्धतीनं कळत नाही त्याच्यात काही कमी आहे, की तो नुसता वेगळा आहे? आणि हे ठरवायचं कुणी? जुन्या लेखांमधलं उत्तर सोपं असायचं: या लोकांना इतरांचं मन कळत नाही. मग काही जणांनी, त्यांत स्वतः ऑटिझम असलेले तत्त्वज्ञही होते, उलट विचारलं, की तुम्हाला तरी आमचं कुठं कळतं? मेंदू अनेक तऱ्हांचे असतात. त्यातली एक तऱ्हा नमुना आणि बाकीच्या बिघाड, असा ठराव कोणत्या सभेत झाला? या दोन बाजू एकमेकींवर लांबलचक लेख लिहितात, अर्थात खुर्चीतून. सरांच्या मनात आलं, आपण उठून गावागावांत जाऊन विचारावं. मी जुन्नरची, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातली प्रत्येक व्यक्ती माझ्या ओळखीची असणार, असं त्यांनी धरलं आणि मला नोकरी मिळाली. प्रत्यक्षात मी गल्लीतल्या किराणावाल्याशीही खुणांनी बोलत असे.

पहिल्याच दिवशी खोडदला एका आजोबांना संमतिपत्र वाचून दाखवलं. ‘मी या अभ्यासातून कधीही माघार घेऊ शकतो’ या वाक्याशी ते थबकले.

“माघार? कोन कोन उभं हाय?”

निवडणूक नाही, असं मी सांगितलं. माणसांची मनं समजून घ्यायची आहेत. आजोबांनी शेतापलीकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्यांकडे बोट केलं. “त्या आभाळाचं ऐकत्यात. मानसाचं ऐकायला आजवर कोन आलं नव्हतं. बस.” आणि दोन तास सुनेबद्दल बोलले. माझ्या अकरा प्रश्नांपैकी एकही विचारून झाला नाही. सर म्हणाले, “उत्कृष्ट मुलाखत.”

महाळुंगे पडवळला मात्र आमच्यावर प्रसंगच आला. तत्त्वज्ञानाचा सगळा संसार ‘समजा’ या शब्दावर चालतो. समजा असं असतं, समजा तसं झालं. आमचा एक प्रश्न होता: समजा, एक अशी गोळी आहे, की ती घेतल्यावर ऑटिझम असलेला मुलगा बाकीच्यांसारखा होतो. तुम्ही ती मुलाला द्याल का? मी हा प्रश्न एका आईला विचारला. तिनं हातातली शेंग सोलली. मग म्हणाली, “बाकीच्यांवानी झाल्यावर त्याला मी आवडंन का पन?”

सरांनी गाडीत बसल्या बसल्या ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर त्याच अंगणात सात-आठ माणसं. कागद घेतलेलं माणूस ‘समजा’ म्हणालं की पाठोपाठ योजना येते, हा गावाचा अनुभव. गोळी वाटायला सुरुवात कधी होणार आणि आधार कार्डाची झेरॉक्स लागेल का, हे विचारायला ते आले होते. सरांनी त्यांना काल्पनिक प्रयोग म्हणजे काय हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंजी स्टॉक संपला का?”

एका बाईंनी मला बाजूला घेतलं. “आमच्या ह्यांना चालंल का ती गोळी? घरात तोंड उघडत नायत.”

मागे ‘हे’ उभे होते. “उघडू दिलं तर ना,” एवढंच बोलले आणि पुन्हा मिटले.

बाहुल्यांची चाचणी त्यानंतरची. ती मुळात परदेशातल्या मुलांसाठी होती. मी तिला इथलं रूप दिलं. सोनी आणि मोनी या दोन बाहुल्या. सोनी लाडू डब्यात ठेवते आणि बाहेर जाते. मोनी तो काढून टोपलीत ठेवते. सोनी परत येते. ती लाडू कुठे शोधेल? अपेक्षित उत्तर: डब्यात, कारण तिच्या मनात तो अजून डब्यातच आहे. जो ‘डबा’ म्हणेल त्याला दुसऱ्याचं मन कळतं. जो ‘टोपली’ म्हणेल, त्याला फक्त स्वतःला माहीत असलेलंच दिसतं. इतकं सरळ होतं ते, म्हणजे कागदावर.

पिंपरी पेंढारला पहिल्याच बाई ठामपणे म्हणाल्या, “टोपलीत.” का? “घरात मोनीशिवाय व्हतं कोन? सोनी काय बहिणीला वळखत नाय?” एकजण म्हणाले, “शोधंल कशाला? आईच्या नावानं बोंब मारंल.” आणि एका आजीबाईंनी बाहुलीकडे वाकून पाहत सांगितलं, “मोनीच्या तोंडात बघंल. लबाड दिसती भवानी.”

‘डबा’ कुणीच म्हणालं नाही. सरांनी कागदावर छापलं होतं: ‘उत्तराचा आशय पाहून खूण करावी.’ या लोकांना मोनीचं मन तिच्या जन्मदात्यांपेक्षा जास्त कळलं होतं, तेव्हा मी आशय पाहिला आणि सगळीकडे ‘बरोबर’ केलं.

आता डेअरीकडे येते. ते गाव पिंपरी पेंढारच्या पुढे आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले चेअरमन दिवाळी अंक वाचतात.

डेअरीत वैशालीताई मशीनवर असायच्या. तिशीच्या आसपासच्या, भावाच्या घरी राहणाऱ्या, कायम कान झाकणारी ओढणी घेतलेल्या. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी ऑटिझमचं निदान केलं ते त्या मोठ्या झाल्यावर. त्यांच्या वहिनी मला म्हणाल्या, “नाव कळलं ते बरंच झालं. आदी आमी तिला नुसतं वैशाली म्हनायचो.”

काम असं: प्रत्येकाच्या किटलीतून थोडं दूध वाटीत घ्यायचं, मशीनची नळी त्यात बुडवायची, फॅट किती, पाणी किती, ते पडद्यावर येतं. ताईंना हे काम मनापासून आवडे. “मशीनला इचारलं की ते सांगतं,” त्या म्हणायच्या. “नंतर रुसत नाय.”

त्यांना मी सोनी-मोनीची गोष्ट सांगितली, लाडू हलवून दाखवला आणि विचारलं, सोनी कुठे शोधेल? ताईंनी बाहुली हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि परत दिली.

“बाहुली हाय. बाहुली शोधत नाय.”

मी ‘चूक’ अशी खूण केली आणि पुढे रांगेतल्या माणसांकडे वळले. चेअरमनही रांगेतच होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, गळ्यात चष्मा. ते म्हणाले, “मी आसतो तर सोनी-मोनी दोघींना बोलावून मिटिंग लावली आसती.” सगळे हसले, मीसुद्धा. बरोबर.

त्याच आठवड्यात सर ताईंच्या घरी आले. वहिनी गोठ्यात होत्या. ताईंनी विचारलं, “चहा घेणार का?”

“छे छे, नको. उगाच त्रास कशाला.”

“बरं.” मग माझ्याकडे वळून, “तू?”

मला हवा होता, म्हणून मी “हो” म्हणाले. ताईंनी दोन कप चहा केला. एक त्यांनी घेतला, एक मला दिला. आलं घातलेला, दाट, घरच्या दुधाचा. सर माझ्या कपाकडे पाहत ज्ञान आणि अनुमान यांतला फरक सांगू लागले, पण वाक्यं पूर्ण होईनात. तेवढ्यात वहिनी आल्या.

“अगं बया, सरांना नाय दिला?”

“नको म्हनले.”

“आगं, तसं म्हनायचंच आसतं!”

“मग खरंच नको आसल तर काय म्हनायचं?” ताईंनी विचारलं.

वहिनींनी सरांकडे पाहिलं. सरांनी वहीकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर पहिल्याच टपरीवर सरांनी लागोपाठ दोन कप घेतले आणि मला म्हणाले, “पाहिलंस? मला चहा हवा होता, हे तिला ओळखताच आलं नाही.”

आणि ती तुमच्या शब्दावर विश्वास ठेवेल हे तुम्हाला ओळखता आलं नाही, असं मी म्हणाले नाही. मी द्राक्षांच्या बागांकडे पाहत राहिले. माझ्या नोकरीतली बरीचशी वाक्यं अशी बागांकडे पाहत राहिली आहेत.

मग दुधाचं प्रकरण झालं. डेअरीच्या भिंतीवर नियमांची पाटी आहे. पाचवा नियम: ‘फॅट व पाणी उत्पादकासमोर मोठ्याने वाचून दाखवावे.’ खाली चेअरमनांचं नाव. ही पाटी रंगवल्यापासून फक्त ताईंनी वाचली होती. आधीचा माणूस गुपचूप चिठ्ठी हातात द्यायचा. ताई मोठ्याने वाचायच्या, कारण तसं लिहिलं होतं. लोक आधी चिडले, मग दुधातलं पाणी कमी झालं, मग रांगेत करमणूक म्हणून माणसं लवकर येऊ लागली. आणि एका सकाळी किटली आली चेअरमनांची.

“चेअरमन,” ताईंनी वाचलं. “फॅट कमी. पाणी बारा टक्के.”

चेअरमन हसले. “म्हैस आज लई पानी प्याली आसंल.”

“म्हशीनं प्यालेलं मशीनला दिसत नाय,” ताई म्हणाल्या. “दुधात घातलेलं दिसतं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “चेअरमन, म्हशीला सांगा, किटलीच्या बाहीर पी म्हनावं!”

दुसऱ्या दिवसापासून चेअरमन म्हणू लागले, की वैशालीला मशीनवरून काढून मागे कॅन धुवायला द्यावं. कॅन धुणं म्हणजे ॲल्युमिनियमचे मोठाले कॅन फरशीवर आपटत, फिरवत, घासत राहणं. तो आवाज सुरू झाला की ताई दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीशी उभ्या राहायच्या. वहिनी मला म्हणाल्या, “तिकडं टाकली तर दुसऱ्या दिशी घरी बसंल ती. आन एकदा बसली की बसली.”

पण नुसतं ‘माझ्या दुधातलं पाणी वाचलं’ हे कारण सभेत देता येत नाही. चेअरमनांना कारण हवं होतं, आणि ते आम्ही दिलं. म्हणजे सरांनी, आणि माझ्या कागदावरून. चेअरमनांनी त्यांना चहाला बोलावलं (सर या वेळी लगेच हो म्हणाले) आणि विचारलं, “आमच्या वैशालीचं काय निघालं वो तुमच्या परीक्षेत?”

आपल्या संशोधनात कुणाला रस वाटतोय, हे सरांच्या आयुष्यात फार क्वचित घडलेलं. तरी ते नियमाला जागले. “नाव सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “गोपनीयता. पण तुमच्या डेअरीत काम करणाऱ्या एका ताईंचं उत्तर चूक आलं. म्हणजे, दुसऱ्याच्या मनात काय आहे ते कळण्याचा प्रश्न, एका अर्थी...”

डेअरीत काम करणारी ताई एकच होती. ‘एका अर्थी’च्या पुढचं चेअरमनांनी ऐकलंच नाही.

मासिक सभेचा अजेंडा फळ्यावर लागला. ‘विषय क्र. ४: दुसऱ्याचे मन न कळणाऱ्या कर्मचाऱ्यास मशीनवर ठेवावे किंवा कसे.’

मी फोटो काढून सरांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला. त्यांना मी प्रथमच घाबरलेलं ऐकलं. “मी असं म्हटलंच नव्हतं. मी येतो, सभेत सगळं नीट समजावतो.”

सर आले आणि त्यांनी समजावलं. पाऊण तास. ते म्हणाले, की एका अर्थी चाचणीला मर्यादा आहेत. दुसऱ्या अर्थी मर्यादा हाच चाचणीचा विषय आहे. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. मात्र याला एक तिसरी बाजूही आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं, हे मी शपथेवर सांगू शकते. सभासद आदरानं मान हलवत होते, दोघे डोळे मिटून. सेक्रेटरी माझ्या पुढेच बसले होते. त्यांनी सभेच्या प्रोसिडिंगात लिहिलेलं मला दिसलं: ‘सरांनी मौलिक मार्गदर्शन केले व विषयास पाठिंबा दिला.’ सर ताईंना वाचवायला आले होते आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी ताईंच्या विरोधात मत दिलं होतं. त्यांना अजून ते कळलं नव्हतं.

चेअरमन म्हणाले, “वैशाली, तुला काय बोलायचं आसल तर बोल.”

ताई दाराशी, ओढणी घट्ट धरून उभ्या होत्या. “मला मशीन पायजे. कॅन नको. कॅनचा आवाज सहन व्हत नाय.”

“बघा,” चेअरमन सभेकडे वळले. “मला, मला, मला. दुसऱ्याचा इचारच नाय. सरांचा कागद काय म्हनतो, मॅडम? दाखवा जरा.”

फाइल माझ्याकडे होती. मी चाचणीचे सगळे कागद काढले आणि ताईंचा शोधायला एकेक उलटू लागले. बरोबर. बरोबर. बरोबर. ‘आईला हाक मारेल’: बरोबर. ‘मिटिंग लावीन’: बरोबर. ‘बाहुली शोधत नाही’: चूक. सगळं अक्षर माझं. बाकीच्यांचा आशय शोधायला मी किती कष्ट घेतले होते. ताईंच्या वेळी आशय पाहिलाच नाही. त्यांच्या नावापुढे निदान छापलेलं होतं. उत्तर ऐकण्याआधीच माझं पेन ‘चूक’च्या रकान्यावर जाऊन बसलं असणार. ज्याच्यावर शिक्का आहे त्याचं बोलणं आधीच कमी धरायचं, या अन्यायावर तत्त्वज्ञांनी पुस्तकं लिहिली आहेत. मी ती वाचली होती, परीक्षेत त्यावर चांगले मार्क मिळवले होते.

मी खिशातून पेन काढलं आणि दोन कागदांवर खाडाखोड केली. मग उभी राहिले. खुर्ची इतक्या जोरात वाजली की ताईंनी कान झाकले आणि मी त्यांना हातानं ‘सॉरी’ म्हटलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, “हिला सभेत बोलता येतं व्हय?” माझा आवाज पहिल्यांदा आलाच नाही. नुसतं तोंड हललं. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि मला पाणी हवंय हे त्यांनी न विचारता ओळखलं, हे मी त्यांच्या नावे नोंदवून ठेवते.

पुढे काय झालं ते प्रोसिडिंगात आहे: ‘विषय क्र. ४ हशामुळे तहकूब.’ तो अजून तहकूब आहे, म्हणजे ताई अजून मशीनवर आहेत. हशा कशामुळे झाला ते सेक्रेटरींनी लिहिलं नाही. तेव्हा मी दुसऱ्या खेपेला मोठ्याने जे बोलले, ते इथे देते.

“चेअरमनसाहेब, वैशालीताईंच्या कागदावरची चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, बाहुली शोधत नाही. ती खरंच शोधत नाही. तुम्ही म्हणालात, दोघींची मिटिंग लावीन, आणि ते मी बरोबर धरलं, कारण तुम्ही चेअरमन आहात आणि सगळे हसत होते. आता मी दोन्ही खुणा दुरुस्त केल्यात. त्या पास, तुम्ही नापास. म्हणजे विषय क्रमांक चार तुम्हाला लागू होतो. मग कॅन धुवायला उद्यापासून येताय का?”